जमिनीच्या पोटातील धूप आणि बांधबंदिस्ती

जमिनीची धूप म्हटली की पावसाच्या थेंबांचा मारा, उतारावरून धावणारे गढूळ पाणी, शेतात पडलेल्या ओघळी आणि नाल्याकाठी वर्षानुवर्षे वाढत जाणाऱ्या घळी असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र खरे असले तरी अपुरे आहे. कोरडवाहू मुलखातील कित्येक शेतांत वरची माती जागच्या जागी दिसते, पीक उभे असते, बांधावर गवतही असते आणि त्याच वेळी दोन-तीन हातांखालून माती निघून जात असते. एखाद्या भाद्रपदात जोराचा पाऊस होऊन गेल्यावर डवऱ्याच्या बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, किंवा ट्रॅक्टरचे मागचे चाक एकाएकी खचते, तेव्हा शेतकऱ्याला प्रथम उमगते की पायांखालची भूमी पोकळ झालेली आहे. तो खड्डा बुजवतो. पुढल्या वर्षी त्याच्या वरच्या अंगाला दुसरा पडतो, मग तिसरा. हे खड्डे एका ओळीत आहेत आणि ती ओळ नाल्याकडे जाते, हे ध्यानात येईपर्यंत खालचे छत कोसळून तेथे घळ तयार झालेली असते. सातबाऱ्यावर क्षेत्र पूर्वीइतकेच राहते. प्रत्यक्षात नाल्याकाठचा तुकडा पोटखराब्यात जमा झालेला असतो.

या प्रकाराला भुयारी धूप म्हणता येईल. तिच्याकडे जितके लक्ष जावयास हवे तितके महाराष्ट्रात गेलेले नाही. मृद्संधारणाचे काम या राज्यात थोडेथोडके झालेले नाही. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीला कायद्याचा आधार दिला. १९७२ च्या दुष्काळात लक्षावधी हातांनी बांध घातले. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात आणि २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत यंत्रांनी हेच काम वेगाने केले. या सर्व कामांचा हिशेब कसा ठेवला जातो, हे पाहण्यासारखे आहे. किती मीटर बांध झाला, किती घनमीटर माती हलवली, किती पाणी अडले, याचे आकडे मिळतात. जी माती हलवली ती कोणत्या जातीची होती, तिच्यावर उभे राहिलेले पाणी ती पेलू शकेल काय, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. पाणी अडवणे हे सर्वच जमिनींत सारखेच हितकारक असते, असे गृहीत धरले गेले आहे. भारी काळ्या आणि चोपण जमिनींच्या बाबतीत हे गृहीतच तपासून पाहण्याची वेळ आलेली आहे. कारण अशा जमिनीत चुकीच्या जागी अडवलेले पाणी बांधही राखत नाही आणि शेतही राखत नाही.

भुयार पडते कसे

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील कोरड्या मुलखात अशी भुयारे पुष्कळ पडतात. तेथील शास्त्रज्ञांनी १९५४ साली त्यांच्या अटी नेमकेपणाने मांडल्या, आणि त्या आजही उपयोगी पडतात. भुयार पडण्यास प्रथम पाणी हवे, हे उघडच आहे. ते पाणी वरच्या थरातून झटपट खाली उतरले पाहिजे आणि खाली कोठे तरी त्याची गती मंद करणारा घट्ट थर असला पाहिजे. त्या घट्ट थराच्या लगेच वरची माती सहज सुटणारी असावी लागते. अडलेल्या पाण्याला पुढे ढकलणारा दाब किंवा उतार असावा लागतो. शेवटी, त्या पाण्याला बाहेर पडावयास वाट मिळाली पाहिजे. या पाचांपैकी एक जरी नसली तरी भुयार पडत नाही. जो कोणी उपाय करू पाहील त्याने हेच धरून ठेवावे. पाचही गोष्टींशी झुंजण्याची आवश्यकता नसते, एक तोडली तरी पुरते.

आता या अटी महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीला लावून पाहाव्यात. खोल काळ्या जमिनीत शंभरात पन्नास-साठ भाग चिकणमाती असते आणि ती ओलीने फुगते, उन्हाने आक्रसते. वैशाखात तिला ज्या भेगा पडतात त्या कित्येक ठिकाणी तीन फुटांहून खोल जातात. त्यांत माणसाचा हात कोपरापर्यंत सहज जातो. मृगाचा पहिला पाऊस पृष्ठभागावरून मुरत बसत नाही, तो या भेगांतून सरळ तळाशी उतरतो. तळाची माती मात्र दमट, दडपलेली आणि घट्ट. तेथे पाणी अडते. जवळच नाल्याचा खोल काठ, जुनी विहीर किंवा उत्खननाचा खड्डा असला की बाहेर पडण्याची वाटही तयारच असते. दाबाची तेवढी उणीव उरते, आणि ती कित्येकदा बांध भरून काढतो. बांधाच्या वरच्या अंगाला दोन फूट पाणी उभे राहिले की त्या दोन फुटांचा भार खालच्या प्रत्येक भेगेवर आणि बिळावर पडतो.

उरला प्रश्न सहज सुटणाऱ्या मातीचा. येथे काळ्या जमिनींत दोन जाती कराव्या लागतात, आणि हा भेद न केल्यामुळेच उपाय फसतात. काही काळ्या जमिनींत भेगा आणि बिळे यांतून धावणारे पाणी आपल्या वेगाने माती खरवडून नेते. अशा जमिनीत वाट बंद केली आणि पाण्याचा वेग मोडला की काम भागते. दुसऱ्या जातीच्या जमिनीत पाण्याला वेगाची गरजच नसते. नुसत्या पाण्याच्या स्पर्शाने तिच्यातील चिकणमातीचे सूक्ष्म कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात तरंगू लागतात आणि अगदी संथ झिरप्याबरोबरही निघून जातात. या दुसऱ्या जातीची जमीन म्हणजे शेतकरी जिला चोपण म्हणतो ती. वऱ्हाडातील खारपाणपट्टा हा तिचा सर्वांत मोठा मुलूख आहे.

खारपाणपट्ट्याची जमीन

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदी वाहते. तिच्या खोऱ्यातील सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर क्षेत्र खारपाणपट्टा म्हणून ओळखले जाते. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव, संग्रामपूर या तालुक्यांची नावे घेतली की मुलूख ध्यानात येईल. विहिरीचे पाणी खारे, म्हणून ओलिताची सोय तोकडी. वर्षाकाठी साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो त्यावर कपाशी, तूर, मूग आणि रब्बीत हरभरा. वरवर पाहणाऱ्यास ही जमीन उत्तम भासते. काळी, खोल, गोटा नाही, खडक नाही. येथील माती मैलोगणती सारखीच आहे असे वाटते, आणि नवखा मनुष्य येथेच फसतो.

या जमिनीत सोडियम आला कोठून, याचे उत्तर अनेक वर्षे केवळ खाऱ्या पाण्यात शोधले जात होते. मृदाशास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले की कोरड्या हवामानाचाही यात मोठा हात आहे. पाऊस बेताचा आणि ऊन प्रखर असले की जमिनीतील द्रावणातला कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने खाली बसतो. शेतात सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे ही त्याचीच खूण होय. कॅल्शियम असा बाजूला पडत गेला की मातीच्या कणांवर त्याची जागा सोडियम घेतो, आणि जसजसे खोल जावे तसतसे हे प्रमाण वाढत जाते. म्हणजे मनुष्याने काही न करताही ही जमीन तळाकडून हळूहळू चोपण होत असते. मृदाशास्त्रात सोडियमचे प्रमाण शंभरात १५ च्या वर गेले की जमीन चोपण समजतात. परंतु फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या काळ्या मातीत त्याहून पुष्कळ कमी प्रमाणातही निचरा बिघडतो, असे पूर्णेच्या खोऱ्यातील अभ्यासांवरून दिसून आले आहे.

येथे एक गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. खारे पाणी चोपण मातीला फोडत नाही. क्षारांच्या सान्निध्यात चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात. तिला फोडते ते निर्मळ पाणी, म्हणजे पावसाचे. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. ते भेगेतून खाली उतरते, तेथील क्षार धुऊन नेते, सोडियम मात्र कणांना चिकटून राहतो आणि माती दुधासारखी विरघळू लागते. ज्या पावसाची शेतकरी आतुरतेने वाट पाहतो त्याच पावसाने जमिनीच्या पोटात हे काम चालते. म्हणून चोपण शेतात गोड्या पाण्याचा साठा उभा करताना अधिक सावधगिरी हवी. खाऱ्या विहिरीच्या पाण्याने जे नुकसान सावकाश होते ते पाटाच्या किंवा पावसाच्या पाण्याने एका हंगामातही दिसू शकते.

उंदीर आणि खेकडे

बांध फुटला की गावात पहिले नाव निघते ते उंदरांचे. घूस, खेकडे, वाळवी हीही आरोपी असतातच. २ जुलै २०१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले तेव्हा तर खेकड्यांची चर्चा राज्यभर झाली. प्राण्यांची बिळे पाण्याला वाट देतात, यात संशय नाही. कापलेल्या बाभळीचे मूळ कुजल्यावर मागे राहणारी पोकळीही तेच काम करते, आणि तिच्याकडे मात्र कोणी बोट दाखवत नाही. परंतु बिळे सर्वच बांधांत असतात. सर्वच बांध फुटत नाहीत. चांगल्या मातीच्या बांधातील बिळात पाणी शिरले की माती फुगून बीळ बऱ्याच वेळा आपोआप मिटते. चोपण मातीच्या बांधातील बीळ पाण्याने रुंदावते. उंदराने दोन बोटांची वाट केली आणि पाण्याने तिचे भगदाड केले, तर दोष एकट्या उंदराचा कसा? उंदीर मारण्याची मोहीम अवश्य काढावी. ती काढली म्हणजे मातीची चौकशी करावयास नको, असे होऊ नये एवढेच.

खरे पाहता बांध ज्या दिवशी घातला जातो त्याच दिवशी त्याच्यातील वाटांची बीजे पेरली जातात. बांधबंदिस्तीची कामे सोयीसाठी उन्हाळ्यात होतात. तेव्हा माती कोरडीठाक असते. तिची ढेकळे निघतात आणि ती एकावर एक रचली जातात. यंत्राच्या बकेटने टाकलेल्या मोठ्या ढेकळांमध्ये तर सापाला राहता येईल एवढ्या फटी राहतात. वरून पाहता बांध भरीव दिसतो, मोजमापात बसतो, देयकही निघते. मग पहिल्याच मोठ्या पावसात वरच्या अंगाला पाणी चढते, ढेकळे ओली होऊन मिटण्याच्या आत पाणी फटींतून पलीकडे पोचते आणि बांध मध्येच पोटातून फुटतो. माथ्यावरून पाणी गेल्याची खूणही नसते. धरणांच्या बाबतीतही पहिले भरणे हीच कसोटी असते. अमेरिकेतील टीटन धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्याच भरणात आतून पोखरून फुटले. शेतातील बांध त्यापुढे किरकोळ, पण मातीचा न्याय तोच.

बांध फुटल्यानंतर सांडवा लहान होता, असा शेरा मारण्याची रूढी पडली आहे. तो शेरा प्रत्येक वेळी चुकीचाच असतो असे नाही. तथापि फुटलेल्या जागी जाऊन दोन गोष्टी पाहिल्या तर खरे कारण बहुधा कळते. बांधाच्या माथ्यावरील गवत खालच्या बाजूस लोळलेले असेल तर पाणी वरून गेले. गवत उभे आणि भगदाडाच्या कडा बोगद्यासारख्या गोल असतील तर पाणी आतून गेले. पंचनाम्यात ही एक ओळ आली तरी पुढल्या कामाची दिशा बदलेल.

अडवणे की वाट देणे

खोल काळ्या जमिनीत समपातळी बांध नीट टिकत नाहीत, हा अनुभव नवा नाही. सोलापूर येथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू आहे. त्या टापूतील भारी जमिनींत बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबते, रब्बी ज्वारीची पेरणी लांबते, पीक पिवळे पडते आणि भेगांमुळे बांध फुटतात, असे वारंवार दिसून आले. म्हणूनच अशा जमिनीसाठी किंचित ढाळाचे बांध आणि गवत लावलेले पाणवाटांचे मार्ग यांची शिफारस होत आली. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरी यांची पद्धत विकसित केली, तिच्यामागेही हाच विचार आहे: जास्तीचे पाणी सावकाश, पण निश्चितपणे बाहेर काढावयाचे. महाराष्ट्रात सोयाबीनच्या शेतकऱ्यांना ही पद्धत आता परिचयाची आहे. असे असूनही, एखाद्या गावाचा आराखडा करावयास बसले की डोळे प्रथम पाणी अडवण्याच्या जागा शोधतात. पाणी कोठून बाहेर जाईल, हा प्रश्न शेवटी येतो, आणि पुष्कळदा तो शेजाऱ्याच्या धुऱ्यावर येऊन थांबतो.

शेततळ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. खारपाणपट्ट्यात ज्याला गोडे पाणी म्हणता येईल ते पावसाचेच. ते साठवल्याशिवाय संरक्षित ओलित मिळणे नाही. चोपण मातीत पाणी मुरत नाही, त्यामुळे येथे अस्तराशिवायही तळे धरते, हा या पट्ट्याचा अनुभव आहे. २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातील गावे घेतली गेली, हेही योग्यच झाले. पण तळे खोदताना सात-आठ फुटांखालची जी माती वर येते ती त्या शेतातील सर्वांत चोपण माती असते. तीच माती तळ्याभोवती बांधासाठी टाकतात. तळाशी पाणी राखणारी माती काठावर आली की पावसाच्या माऱ्याने विरघळते. तिच्यातून भोके पडतात, काठ आत ढासळतात आणि दोन-चार वर्षांत तळे गाळाने भरते. वरची फूटभर काळी माती खोदताना निराळी काढून ठेवली आणि शेवटी बांधावर पसरली, त्यावर गवत धरले, तर हे पुष्कळ टळते. यंत्र तासाच्या भाड्याने चालते, म्हणून ही दोन वेळची माती निराळी ठेवण्याचे काम कोणी करत नाही. अंदाजपत्रकात त्यासाठी निराळी बाब धरली पाहिजे. नुसत्या उपदेशाने ते होणार नाही.

मृदा आरोग्यपत्रिकेबद्दलही येथे स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. २०१५ पासून ही पत्रिका शेतकऱ्याला मिळू लागली, हे मोठे काम झाले. परंतु तिच्यासाठी नमुना घेतात तो वरच्या अर्ध्या फुटातला, आणि तीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य व सूक्ष्म अन्नद्रव्ये यांचे आकडे येतात. खतांची मात्रा ठरवण्यास ती पुरेशी आहे. भुयारी धूप तीन फुटांखाली सुरू होते आणि तिचे कारण असलेल्या सोडियमचा आकडा त्या पत्रिकेत नसतो. तेव्हा पत्रिका चांगली आहे म्हणून बांध घालण्यास जमीन योग्य आहे, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था यांनी या खोऱ्यातील जमिनींचा खोलवर अभ्यास केलेला आहे. ते ज्ञान बांधाची रेषा आखणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती, नकाशावर, गावाच्या नावानिशी पोचले पाहिजे.

तोवर प्रत्येक शेतकऱ्याला घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. बांधाच्या किंवा तळ्याच्या जागी चार-पाच फूट खोल खड्डा घ्यावा आणि दर फुटाचा एकेक वाळलेला खडा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, निवडावा. काचेच्या स्वच्छ पेल्यांत पावसाचे पाणी घ्यावे. ते नसल्यास बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी चालेल. खडा अलगद सोडावा, ढवळू नये, पेला हलवू नये, आणि दहा मिनिटांनी व पुन्हा दोन तासांनी पाहावे. खडा फुटून त्याचा ढीग झाला पण पाणी नितळ राहिले, तर तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. काळी माती अशी फुटतेच. खड्याभोवती दुधी वलय उठले आणि ते पेल्याच्या तळाशी पसरत गेले, तर ती माती भुयारी धुपीची आहे. ही परीक्षा विहिरीच्या पाण्याने कदापि करू नये. खाऱ्या पाण्यात चोपण माती शांत बसते आणि परीक्षा खोटा कौल देते. मातीतच क्षार फार असतील तर पहिल्या वेळी वलय दिसत नाही. तोच खडा दोन-तीन वेळा पावसाच्या पाण्याने धुऊन पुन्हा पाहावा. या परीक्षेला खर्च नाही, प्रयोगशाळा लागत नाही. बांधबंदिस्तीच्या प्रत्येक प्रस्तावाला सर्व्हे नंबरवार तिचा निकाल जोडण्याचा नियम झाला, तर कागद एक वाढेल खरा, पण पुढचे पुष्कळ खड्डे वाचतील.

भगदाड पडल्यानंतर

पडलेल्या भगदाडात दगड, पऱ्हाटीची झुडपे, कडबा, जुनी पोती टाकण्याची चाल आहे. खड्डा वरून भरलेला दिसतो. खालची वाट तशीच राहते आणि पाणी दगडांच्या बाजूने अधिक जोराने माती काढते. भुयार बुजवावयाचे तर ते त्याच्या तळापर्यंत आणि जेथपर्यंत जाते तेथपर्यंत उघडावे लागते. काम कष्टाचे आहे, त्याला पर्याय नाही. उघडल्यानंतर खालच्या घट्ट थराला कुदळीने खरबरीत करावे. काढलेल्या मातीत जिप्सम मिसळावे. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि कण पुन्हा एकमेकांना धरू लागतात. जिप्समची मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवावी, शेजाऱ्याच्या मात्रेवरून ठरवू नये. मग माती थोडी ओलवून अर्ध्या अर्ध्या फुटाच्या थरांनी भरावी, प्रत्येक थर धुमसाने ठोकावा, आणि माथा शेताच्या पातळीहून जरा उंच ठेवावा, म्हणजे खचल्यावरही तेथे पाणी साचणार नाही. वर चांगल्या काळ्या मातीचा थर देऊन बहुवर्षायू गवत लावावे. नवा बांधही याच रीतीने, ओलवून आणि ठोकून, पायाखाली चर घेऊन घालावा. ज्या जमिनीत दुधी वलय दिसत नाही तेथे जिप्सम टाकण्यात पैसा वाया जाईल. तेथे भेगा बुजवणे, पाण्याला ढाळ देणे आणि भरणी ठोकणे एवढ्याने भागते.

मात्र हे सर्व करूनही वरून येणारे पाणी त्याच जागी येत राहिले तर सहा महिन्यांत दुसरे भुयार पडेल. वरच्या अंगाने येणारा लोंढा रुंद, उथळ, गवताळ वाटेने वळवून नाल्यात सुरक्षित सोडावा लागतो, आणि ती वाट बहुधा दोन-तीन शेतकऱ्यांच्या जमिनीतून जाते. एकट्याने करण्याचे हे काम नव्हे. नाल्याकाठचा शेतकरी जमीन गमावत असतो आणि वरचा शेतकरी आपला बांध फोडून पाणी खाली सोडत असतो; दोघांची भांडणे तहसील कचेरीपर्यंत जातात, आणि तेथेही बांधाची रेषा पाहिली जाते, मातीचा पोत पाहिला जात नाही. पाणलोट समित्यांनी या वाटांच्या जागा आधी ठरवून त्या जागेचा मोबदला आराखड्यात धरावा. नाल्याचे खोलीकरण करतानाही हा विचार हवा. नाल्याचा काठ जितका खोल आणि उभा कापला जातो तितकी शेतातील भुयारांना बाहेर पडण्याची वाट अधिक सोयीची होते. चोपण पट्ट्यात काठ उभे कापण्याऐवजी उतरते ठेवावेत आणि त्यांवर गवत धरावे. प्रवरेच्या काठी किंवा अन्यत्र जेथे घळी यंत्राने सपाट करून शेते केली आहेत, तेथे भराव सैल राहिला असेल तर तोही याच दृष्टीने तपासावा.

पाहणीला वर्षातून दोन वेळा योग्य आहेत. पावसाळ्यात, पाऊस थांबून शेतावरील पाणी ओसरल्यानंतरही नाल्याच्या भिंतीतून गढूळ धार चालू असेल आणि तिच्या पायथ्याशी बारीक मातीचा पंखा पडलेला असेल, तर तेथे खुंटी ठोकून ठेवावी. दुसरी वेळ वैशाखातली. शेत मोकळे असते, भेगा उघड्या असतात, खचलेली जागा नजरेत भरते; त्या खुंटीपासून वरच्या अंगाला चालत गेले की ओळ सापडते. खोदणे आणि भरणे मृगापूर्वी आटोपले पाहिजे. मृग लागला की भेगा मिटतात, तण वाढते, भगदाडांची तोंडे झाकली जातात आणि पुढल्या उन्हाळ्यापर्यंत वरून काही दिसत नाही.